माकडताप, माकड-मलेरिया आणि रोज येणारा अन्येद्युष्क

प्रश्न असा आला आहे: 'मलेशियात माकडतापाचे रुग्ण' असा मथळा वाचला, आत मजकूर मात्र मलेरियाचा होता. माकडांच्या मलेरियाचे जंतू माणसाच्या रक्तात सापडतात, त्या आजाराला मराठीत माकडताप म्हणावं, वानर-हिवताप म्हणावं, की आणखी काही?

माकडताप म्हणू नये. हा मथळा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता राग येतो. माकडताप हा शब्द कुणी वापरायला घ्यावा म्हणून रिकामा पडलेला नाही. दोडामार्ग, बांदा आणि हद्दीपलीकडे गोव्यातल्या सत्तरीत विचारा. काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्या माणसाला माकडताप म्हणजे काय ते पुरतं ठाऊक असतं. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात 1957 साली ओळखू आलेला तो विषाणूचा आजार. तो गोचिडीमुळे होतो आणि त्यात माकडं पटापट मरतात. म्हणून रानात मेलेलं माकड दिसलं की गावकरी आरोग्य केंद्राला कळवतात. मलेशियातला आजार डासामुळे होतो, त्याचा जंतू विषाणू नसून मलेरियाचा परजीवी आहे, आणि ज्या माकडांत तो मुळात राहतो ती बहुधा ठणठणीत असतात. मलेरियावर क्लोरोक्विनपासून आर्टेमिसिनिनपर्यंत औषधं आहेत, क्यासनूरच्या तापावर तसं नेमकं औषध नाही. दोन्हींना एकच नाव दिलं तर दोडामार्गातला वाचक गोचिडी शोधत बसेल आणि कामासाठी बोर्निओला गेलेला मराठी इंजिनिअर मेलेली माकडं. इथे शब्दाची चूक थेट अंगाशी येते.

वानर-हिवतापही नको. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं लांब शेपटीचं ते वानर, हा फरक मराठी माणूस आपसूक करतो. सिंधुदुर्गात तर माकडांना केलडी असं वेगळं नाव आहे. मलेशियातला परजीवी मुख्यतः लांब शेपटीच्या आणि डुकरासारख्या आखूड शेपटीच्या अशा दोन जातींच्या माकडांत राहतो. ती दोन्ही आपल्या माकडांची भावंडं, वानरांची नव्हेत. तेव्हा माकड-मलेरिया म्हणा, किंवा सरकारी लेखनात माकड-हिवताप. दोन्ही चालतील.

आता हिवतापाबद्दल. 'हिवाळ्यात येतो म्हणून हिवताप' हे स्पष्टीकरण शिक्षकांकडूनही ऐकू येतं. ते साफ चूक आहे. हिंव म्हणजे थंडी, आणि अंगात भरणारी हुडहुडीही. 'हिंव भरलं' हे आपण भर मे महिन्यातही म्हणतो. संस्कृत हिम, त्याचं हिंव. हिवाळाही त्याच हिमाचा, पण हिवताप हिवाळ्याचा मुलगा नव्हे, भाऊ आहे. उलट मलेरिया हा शब्द इटालियन, अर्थ 'वाईट हवा', म्हणजे आता खोट्या ठरलेल्या समजुतीवर उभा. हिवताप हा शब्द रोग्याच्या अंगाला जे होतं तेवढंच सांगतो. म्हणून तो मला जास्त आवडतो.

पण ज्या शब्दासाठी हे उत्तर लिहायला बसलो तो वेगळाच आहे: अन्येद्युष्क.

माणसाच्या नेहमीच्या मलेरियाचे परजीवी तांबड्या पेशीत वाढून, पेशी फोडून बाहेर पडायला 48 तास घेतात, एक जात 72 तास घेते. पेशी फुटल्या की हुडहुडी आणि ताप. म्हणून ताप दिवसाआड येतो, किंवा दोन दिवस सोडून. माकडांच्या या परजीवीचं चक्र मात्र 24 तासांचं आहे. रोज पेशी फुटतात, रोज नवी पैदास होते, आणि रक्तातली संख्या इतक्या झपाट्याने वाढते की उपचाराला उशीर झाला तर माणूस दगावतो. आणि रोज ठराविक वेळी येणाऱ्या तापाला आयुर्वेदात स्वतंत्र नाव आहे. दिवसरात्रीत दोनदा येतो तो सततक, एकदा येतो तो अन्येद्युष्क, पुढे 'तृतीयकस्तृतीयेऽह्नि चतुर्थेऽह्नि चतुर्थकः', म्हणजे तिसऱ्या दिवशी येतो तो तृतीयक, चौथ्या दिवशी येतो तो चतुर्थक. आपल्या खेड्यांत दिवसाआड येणाऱ्या तापाला एकांतरा म्हणत, तोच हा तृतीयक.

अन्येद्युः म्हणजे दुसऱ्या दिवशी. यातला द्यु म्हणजे दिवस, लॅटिन दिएसचा सख्खा नातेवाईक. अद्य, पूर्वेद्युः, उत्तरेद्युः ही सगळी बिऱ्हाडं पाणिनीने 5.3.22 या एकाच सूत्रात नोंदवली आहेत. पण मला आनंद होतो तो शेवटच्या 'क'चा. पाणिनीचं आणखी एक सूत्र आहे, 5.2.81: 'कालप्रयोजनाद्रोगे'. काळ सांगणाऱ्या किंवा कारण सांगणाऱ्या शब्दाला 'क' लावा, की रोगाचं नाव तयार होतं. काशिका ही पाणिनीच्या सूत्रांवरची जुनी टीका उदाहरणं देते ती तापांची: द्वितीयक, चतुर्थक. विषारी फुलांनी आलेला विषपुष्पक. हुडहुडी भरवणारा शीतक. व्याकरणकाराला रोगांच्या नावांसाठी स्वतंत्र सूत्र लिहावंसं वाटलं, याचा अर्थ घड्याळ लावून येणारे ताप त्या काळी घरोघरी होते आणि लोक ते बोटांवर मोजत होते. शीतक आणि हिवताप तर एकाच कल्पनेचे दोन शब्द, मधे कित्येक शतकांचं अंतर.

पाणिनीच्याही मागे जाऊ. अथर्ववेदात तक्मन् नावाच्या तापाला उद्देशून मंत्र आहेत. 1.25 मध्ये म्हटलं आहे: 'यो अन्येद्युरुभयद्युरभ्येति तृतीयकाय नमो अस्तु तक्मने', म्हणजे जो अन्येद्युः येतो, जो उभयद्युः येतो त्याला आणि तृतीयक तक्मनाला नमस्कार असो. इथे इंग्रजी भाषांतरकारांत फाटाफूट आहे. कुणी अन्येद्युःचा अर्थ 'दिवसाआड' असा करतो, कुणी 'दुसऱ्या दिवशी परतणारा' असा. पहिला अर्थ मला मुळीच मान्य नाही. दिवसाआड येणारा ताप त्याच ओळीत तृतीयक म्हणून हजर आहे. मंत्र म्हणणारा एका ओळीत एकाच तापाला दोन नावांनी कशाला नमस्कार करील? अन्येद्युः म्हणजे उद्या पुन्हा, म्हणजेच रोज. आयुर्वेदाने हाच अर्थ पुढे चालवला. 7.116 मध्ये तर हाच ताप माणसाला सोडून बेडकाकडे जावा अशी प्रार्थना आहे. तिथे वाट माणसाकडून प्राण्याकडे, मलेशियात नेमकी उलटी.

तृतीयक 48 तासांनी येतो, मग तो 'तिसरा' कसा, असं विचारणारे असतात. याचं उत्तर मराठीत रोज वापरात आहे. आपला आठवडा सात दिवसांचा असतो. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की सोमवारचा माणूस पुढच्या सोमवारीच येतो. दहावा, तेरावा मोजतानाही पहिला दिवस धरलेला असतो. सुरुवातीचा दिवस मोजणीत घ्यायचा ही जुनी रीत. ती लॅटिनमध्येही होती, म्हणून तिथलाही दिवसाआड येणारा ताप 'तिसऱ्या दिवसाचा'च आहे. या मोजणीने रोजच्या तापाचं नाव द्वितीयक व्हायला हवं, आणि काशिकेत नेमका द्वितीयक आहे! माझं ठाम मत आहे की काशिकेचा द्वितीयक आणि वैद्यांचा अन्येद्युष्क हा एकच ताप. एकाने आकडा वापरला, दुसऱ्याने 'उद्या'.

यावरून वेदकाळी भारतात माकड-मलेरिया होता अशी पोस्ट कुणी करू नये. रोज ताप यायला 24 तासांचाच परजीवी लागतो असं नाही. 48 तासांच्या परजीवींच्या दोन पिढ्या आळीपाळीने फुटू लागल्या तरी ताप रोजच येतो, आणि जुन्या अन्येद्युष्कांतले बहुतेक तसेच असणार. शिवाय लांब शेपटीचं ते माकड भारतात फक्त निकोबार बेटांवर आढळतं.

या परजीवीची ओळख मात्र भारतातच पटली. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये काळा आजाराचं संशोधन चालू असताना सिंगापूरहून आलेल्या एका माकडाच्या रक्तात नेपियर आणि कॅम्पबेल यांना हा जंतू दिसला. त्या माकडाला फारसं काही झालेलं नव्हतं. तेच रक्त उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांना टोचलं तर ती मेली. रॉबर्ट नोल्स आणि बिराज मोहन दासगुप्ता यांनी 1932 मध्ये त्याचं 24 तासांचं चक्र मांडलं आणि तो रक्तातून माणसाला देता येतो हेही दाखवलं. लगेच सिंटन आणि मलिगन यांनी नाव ठेवलं, प्लाझ्मोडियम नोलेसी. शेवटचा 'ई' हा लॅटिनमधला षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे 'नोल्सचा'. बातम्यांत 'क्नोलेसी' म्हणतात ते सोडावं, त्या स्पेलिंगमधला पहिला 'के' मुका आहे. दासगुप्तांच्या वाट्याला षष्ठी आली नाही, याची मला अजून खंत वाटते.

डासामार्फत माणसाला लागण झाल्याचा पहिला सिद्ध दाखला 1965 चा: मलेशियातल्या पहांगच्या जंगलात काम करून मायदेशी परतलेला एक अमेरिकी सर्वेक्षक. सूक्ष्मदर्शकाखाली आधी माणसाच्या मलेरियाच्या एका परजीवीचं निदान झालं, मग दुसऱ्याचं. त्याचं रक्त माकडांना टोचल्यावर खरं काय ते कळलं. ही गफलत पुढे चाळीस वर्षं चालू राहिली, कारण कोवळा नोलेसी त्यांतल्या एकासारखा दिसतो आणि वाढलेला दुसऱ्यासारखा, पेशीत आडवा पट्टा ओढल्यासारखा. 72 तासांवाली सौम्य जात समजून रोज दुप्पट-चौपट होणारा परजीवी सोडून देणं किती महाग पडतं ते वेगळं सांगायला नको. मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या कापित इथे बलबीर सिंग आणि जेनेट कॉक्स-सिंग यांच्या गटाने 2004 मध्ये 208 रुग्णांचे नमुने जनुकीय चाचणीने तपासले, तेव्हा 120 जणांत नोलेसी निघाला. ताप रोज येतो की दोन दिवस सोडून, ही अन्येद्युष्क आणि चतुर्थक यांतली जुनी वाटणी तिथे जीवनमरणाची होती. आज मलेशियात 2018 पासून मानवी मलेरियाची स्थानिक लागण नाही, पण नोलेसीचे रुग्ण वर्षाला हजारोंनी नोंदले जातात, बरेचसे जंगलकडेच्या शेतांत आणि तेलताडाच्या मळ्यांत राबणारे.

आता ज्यांनी विषमज्वर हा शब्द टायफॉइडच्या गळ्यात बांधला त्यांच्याशी माझं भांडण आहे. सततक, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक या सगळ्यांचं घराण्याचं नाव विषमज्वर. विषम म्हणजे चढउतार असलेला, सोडून सोडून येणारा. टायफॉइडचा ताप दिवसेंदिवस चढत जातो आणि ठाण मांडून बसतो, म्हणून तर लोक त्याला मुदतीचा ताप म्हणत आले. शालेय पुस्तकांनी उलटा अर्थ तीन पिढ्यांना शिकवला आणि आयुर्वेदाचा ग्रंथ उघडणारा मराठी विद्यार्थी पहिल्याच पानावर गोंधळतो. टायफॉइडसाठी आंत्रज्वर हा नेमका शब्द आहे, मुदतीचा ताप तर आहेच. विषमज्वर हिवतापाच्या कुळाला परत द्यावा.