माझं ४०० फुटांचं बोअर आटलंय. ८०० फुटांपर्यंत नेलं तर पाणी लागेल का?

लागेलही. पण कुणाच्या विहिरीचं, ते आधी बघा.

आमची सामायिक विहीर ४५ फुटांची, आजोबांनी फोडलेली. मुरुमाखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, त्यात दोन झरे. आठ दिवस थोरल्या भावाची पाळी, आठ दिवस माझी. दादाने ऊस लावला आणि पाळी पुरेना. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, विहिरीपासून ६० पावलांवर. रात्री बोअरची गाडी आली. २०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा, ३८० ला दोन इंच पाणी. पेढे वाटले. मी म्हणालो, "दादा, हे आपल्याच विहिरीतलं आहे." तो म्हणाला, "खालचा झरा वेगळा असतो. पुस्तकं वाचून शेती होत नाही." दुसऱ्या वर्षी विहीर जानेवारीतच तळाला गेली. मग मीही ईर्षेने विहिरीत आडवे बोअर घेतले, तो गाढवपणा माझाच. तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचं बोअरही गेलं. दादा अजून पावसालाच नावं ठेवतो.

आपल्या काळ्या पाषाणात पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये घालतात तो पाइप, मुरुमापुरतंच टाकतात, खाली भोक उघडं. त्यातून वरचं पाणी खालच्या रिकाम्या भेगांत उतरतं. त्या भेगा उपसल्या की एका पावसाळ्यात भरत नाहीत. २००९ च्या भूजल कायद्यात अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे ती उगाच नाही. पाळतं कोण, हा भाग वेगळा.

उपाय एकट्याने होत नाही. हिवरे बाजारात दरवर्षी पावसाचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. बाकी गावांत विहीर उपसून प्लास्टिकच्या शेततळ्यात पाणी भरतात आणि त्याला जलसंधारण म्हणतात!

हां, तुमचं रान तापी-पूर्णेच्या गाळात असेल तर हे गणित लागू नाही. तिथे खोलवर पाणी असतं, पण पूर्णेकाठी बऱ्याच ठिकाणी खारं.

तरीही गाडी बोलावणारच असाल, तर आधी आसपासच्या विहिरींची पातळी मोजून तारखेसह लिहा आणि शेजाऱ्याची सही घ्या. मी वहीत सगळं लिहिलं होतं. दादा म्हणतो, वही तुझी, आकडेही तुझेच.