वाचकांचे प्रश्न : ‘बापाचे नाव काय लावशील?’

प्रश्न : मी 37 वर्षांची असून एका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. लग्न जमले नाही आणि केवळ मूल हवे म्हणून लग्न करण्याची इच्छा आता उरलेली नाही. उपचार घेऊन एकटीने आई व्हावे, असे गेली दोन वर्षे मनात आहे. महाविद्यालयापासूनचा एक मित्र वीर्यदान करायला तयार आहे; त्याच्या पत्नीचीही हरकत नाही. माझी 66 वर्षांची आई म्हणते, “मूल मी सांभाळीन, पण शाळेत बापाचे नाव काय लावशील ते आधी सांग.” कायद्याची परवानगी आहे का, आणि आईला मी काय सांगू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : परवानगी आहे. जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार 21 वर्षांपुढील आणि 50 वर्षांच्या आतील स्त्रीला हे उपचार घेता येतात, आणि त्यासाठी ती विवाहित असलीच पाहिजे अशी अट नाही. सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवण्याचा मार्ग मात्र वेगळ्या कायद्याने अविवाहित स्त्रीला बंद आहे. तो 35 ते 45 या वयातील विधवा आणि घटस्फोटितांपुरताच खुला ठेवलेला आहे. या दोन कायद्यांची गल्लत करून ‘एकटीला चालत नाही’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात, म्हणून हा खुलासा.

मित्राबद्दल मात्र मला स्पष्ट नकार द्यावा लागेल. दात्याचे वीर्य नोंदणीकृत पेढीकडूनच घ्यावे लागते, दात्याची ओळख गुप्त राहते आणि बाळावर त्याचा कोणताही हक्क उरत नाही. पेढी 21 ते 55 या वयातील दात्याची एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस अशा रोगांसाठी तपासणी करते. ओळखीचा माणूस या चौकटीत बसत नाही, आणि कायद्याने आडकाठी केली नसती तरी मी तुम्हाला थांबवलेच असते. आज त्या पती-पत्नींचे मन मोठे आहे, परंतु दहा वर्षांनी त्यांच्याच मुलाशी तुमच्या मुलाचे नाक मिळतेजुळते दिसू लागल्यावर ते तसेच राहील, याची हमी कोण देणार?

वैद्यकीय बाजूविषयी इतकेच सांगते की, सदतिसाव्या वर्षी आणखी दोन वर्षे विचारात घालवणे परवडणारे नाही, कारण पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने घसरतात. एएमएच ही स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी एवढ्यावरून डॉक्टरांना बराच अंदाज येतो. आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणे, सोपे आणि स्वस्त असले तरी या वयात एका प्रयत्नात यश येण्याची शक्यता कमीच असते. आयव्हीएफमध्ये, म्हणजे स्त्रीबीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात ठेवण्याच्या उपचारात, ती वाढते, पण औषधे धरून एका खेपेचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि एकाच खेपेत काम होईल असे गृहीत धरता येत नाही. निदान दोन खेपांची तजवीज करूनच सुरुवात करा.

आता तुमच्या आईंचा प्रश्न. माझ्या मते तुमच्या पत्रातील हाच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, कारण तो टोमणा नसून तयारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये असा निर्णय दिला आहे की, अविवाहित मातेने मागितल्यास केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावर बाळाचा जन्मदाखला द्यावा आणि पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करू नये. पासपोर्टच्या अर्जात 2016 च्या अखेरीपासून आई-वडिलांपैकी एकाचेच नाव पुरते, आणि आई एकल पालक असल्यास पॅन कार्डासाठीही 2018 पासून वडिलांचे नाव सक्तीचे नाही. महाराष्ट्रात तर 1 मे 2024 पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावणे शासनाने बंधनकारक केले आहे, त्यामुळे वर्गाच्या हजेरीपटावर आईचे नाव आता नवलाईचे राहिलेले नाही.

तरीही कागद आणि खिडकीमागचा माणूस यांत अंतर असतेच. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या एका शिक्षिकेला रुग्णालयाच्या पहिल्याच फॉर्मवर ‘पतीचे नाव’ हा रकाना दिसला. तिने त्यावर आडवी रेघ मारली. स्वागतकक्षातील मुलीने फॉर्म परत सरकवत “मिस्टरांचं नाव राहिलंय, मॅडम” असे सांगितले आणि रांगेतल्या चार माना वळल्या. शिक्षिका म्हणाली, “राहिलेलं नाही, नाहीये.” हे वाक्य तिने घरी आरशासमोर म्हणून ठेवले होते. तुम्हीही तसे एखादे वाक्य तयार ठेवा, आणि 2015 च्या निकालाची एक प्रत पर्समध्ये असू द्या.

पालकत्वाच्या बाबतीत हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 अविवाहित आईलाच नैसर्गिक पालक मानतो. तिथे मुलासाठी ‘अनौरस’ हा शब्द अजून शिल्लक आहे. तो बोचतो, पण त्याच कायद्याने अशा आईला मृत्युपत्राद्वारे मुलाचा पुढचा पालक नेमण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरायला विसरू नका. आई आज 66 वर्षांच्या आहेत. मूल दहावीला बसेल तेव्हा त्या ऐंशीच्या पुढे असतील. भाऊ, बहीण, मावसबहीण, जी कोणी व्यक्ती त्या वेळी उभी राहील, तिच्याशी गरोदर राहण्याआधीच मोकळेपणाने बोला आणि तिचा होकार मिळाल्यावरच तिचे नाव लिहा. माझ्या अनुभवात स्त्रिया दात्याची उंची आणि शिक्षण यांवर महिनोन्‌महिने विचार करतात, आणि हे बोलणे मात्र बारशापर्यंत लांबवतात.

बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा अविवाहितेलाही मिळते. बँकेतील वरिष्ठांच्या कानावर किती आणि केव्हा घालायचे, ते तुम्ही ठरवा. मुलाला मात्र ‘बाबा परदेशी आहेत’ किंवा ‘बाबा देवाघरी गेले’ असे कधीही सांगू नका. तीन-चार वर्षांच्या मुलाला, “मला तू हवा होतास, म्हणून डॉक्टरांनी मदत केली आणि एका अनोळखी माणसाने बीज दिले,” एवढे समजते. घरातील सर्वांनी तेच सांगायला हवे, त्यात आजीही आली; म्हणून डॉक्टरांच्या पहिल्या भेटीला आईंना बरोबर न्या आणि त्यांचा हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.