वाचक विचारतात : बारा चढांचा संकल्प

प्रश्न : मी शेहेचाळीस वर्षांचा, शाळेत शिक्षक आहे. येत्या हंगामात बारा डोंगर चढायचे असं मनाशी ठरवलंय. पण आमच्या लातुरात चढ म्हणून उड्डाणपूल तेवढा! तयारी कशी करू? आणि बारा हा आकडा जास्त होतोय का?
(एक वाचक, लातूर)

आकडा ठीक आहे, पण त्याच्या अटी आधी कागदावर उतरवा. आपल्याकडे चालण्याजोगा काळ मुक्तिसंग्राम दिनापासून, म्हणजे १७ सप्टेंबरपासून, फेब्रुवारीअखेरपर्यंत. त्यात साधारण २३ रविवार येतात. बारा चढांना बारा गेले, हातात उरले अकरा. दिवाळी, लग्नसराई, परीक्षेच्या ड्यूट्या आणि एखादा ताप त्यातच बसवायचा. ज्यांनी दर रविवारचा नेम धरला त्यांचा बहुधा नोव्हेंबरात मोडतो. एक रविवार हुकला की हिशेब तुटतो, आणि तुटलेला हिशेब कुणी पुन्हा उघडत नाही.

दुसरी अट, चढ कशाला म्हणायचं? मराठवाड्यातले बरेचसे नावाजलेले किल्ले भुईकोट आहेत. औसा, परांडा, उदगीर, कंधार जरूर पाहा, पण संकल्पात मोजू नका. किमान १५० मीटर उंची चढलो तरच खूण करायची असं ठरवा. एकच डोंगर दोनदा चढला तरी चालेल. सुरुवात देवगिरीने करावी. डोंगर दोनशे मीटरच्या आसपास, पायऱ्या बांधलेल्या, आणि सोबतीला माणसांची वर्दळ. फक्त अंधारी वाटेसाठी टॉर्च हवाच, मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका. पुढे सोयगावकडचा वेताळवाडी, मग कन्नड तालुक्यातला अंतूर. कळसूबाई (१६४६ मीटर) शेवटच्या दोनांत ठेवा. बारी गावातून तिचा चढ आठशे मीटरहून जास्त भरतो, म्हणजे देवगिरीच्या चौपट.

आता तयारी. चार मजली इमारतीचा जिना शोधा. मजला तीन मीटरचा धरला तर खालून चौथ्या मजल्यापर्यंत १२ मीटर. आठवड्यातून दोन दिवस, पहिल्या आठवड्यात ८ फेऱ्या. मग दर आठवड्याला ३ वाढवा, चौथ्या आठवड्यात मात्र निम्म्यावर या आणि पाचव्यात १७ पासून पुढे चला. ही विश्रांती बहुतेक जण गाळतात. फुप्फुसं लवकर तयार होतात, गुडघ्याच्या शिरांना वेळ लागतो, त्यामुळे दम टिकतो पण गुडघा कुरकुरतो. सातव्या आठवड्यात २३ फेऱ्या, म्हणजे २७६ मीटर होतात. आठव्यात निम्म्या करा आणि डोंगराला जा. कळसूबाईआधी हाच क्रम पुन्हा वाढवत ४० फेऱ्यांपर्यंत न्या.

उतरताना लिफ्ट वापरू नका. उतरणीत मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, ती सवय उतरूनच होते. पहिले तीन आठवडे मोकळ्या हाताने, पुढे पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून, आधी ३ आणि मग ५ किलो. वेग ओळखायची खूण सोपी आहे : चढताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागत असेल तर हळू. चाळिशी उलटलेली आहे, तेव्हा रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी आधी करून घ्या. चढताना छातीत आवळल्यासारखं झालं तर तो दिवस तिथेच संपवायचा.

प्रश्न : आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. मागच्या डिसेंबरात माथा समोर दिसत असताना मी परत फिरलो, कारण तीन वाजून गेले होते. बाकीचे वर गेले, अंधारात उतरले, कुणाला काही झालं नाही. आता मला 'रिव्हर्स गिअर' म्हणतात. मी चुकलो का?
(एक वाचक, जालना)

नाही. हिशेब मांडून बघा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. त्याआधी एक तास हातचा ठेवायचा, म्हणजे पावणेपाचला पायथा गाठायचा. उतरायला दोन तास लागत असतील तर पावणेतीनला पाठ फिरवायला हवी, मग माथा दहा मिनिटांवर का असेना. तुम्ही तीननंतर फिरलात, म्हणजे उलट थोडा उशीरच केलात.

चढाच्या वेळेचा जुना ठोकताळा असा की सपाटीला ताशी ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. तो थंड हवेतल्या सरावलेल्या पायांसाठी आहे. नवख्यांनी, आपल्या उन्हात, ३ किलोमीटर आणि ३०० मीटर धरावेत. चार किलोमीटर वाट आणि ३५० मीटर चढ असेल तर एक तास वीस मिनिटं अधिक एक तास दहा मिनिटं, म्हणजे अडीच तास. उतरायला त्याच्या निम्मा वेळ लागेल असं धरणं ही नेहमीची चूक. घसाऱ्यावर, मुरमाड वाटेवर, चढाइतकाच वेळ जातो.

खरा मुद्दा वेगळाच आहे. परतीची वेळ डोंगरावर ठरवायची नसते. तिथे पाय थकलेले, पाणी कमी, माथा दिसतोय आणि सोबतचे 'चल रे, आलंच' म्हणतायत, अशा वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून वेळ आदल्या रात्री ठरवा, ग्रुपवर टाका आणि घरच्यांना कळवा. मग परत फिरणारा एकटा पडत नाही, ठरलेलं न पाळणारा एकटा पडतो. पाण्यालाही असाच नियम लावा : निम्मं संपलं आणि माथा अर्ध्या तासाच्या टप्प्यात नसेल तर फिरा. ढगांचा गडगडाट ऐकू आला तर वेळ न बघता धारेवरून खाली या, एकट्या झाडाखाली थांबू नका आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जाऊ नका. परतीच्या पावसात आपल्याकडे विजा माणसं मारतात.

बाकीच्यांना काही झालं नाही हे खरं. त्यावरून त्यांचा निर्णय बरोबर होता असं मात्र ठरत नाही. अंधारात ढोरवाट आणि पायवाट सारख्याच दिसतात, आणि ढोरवाट गावात जात नाही, कुरणात जाऊन संपते.

प्रश्न : उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. बूट तर चांगल्यातले घेतले आहेत.
(एक वाचक, अंबाजोगाई)

बूट चांगले असतील, पण मापाला कमी पडतायत. उतरणीवर पाय आत पुढे सरकतो, अंगठा दर पावलाला पुढच्या भिंतीवर आपटतो आणि नखाखाली रक्त साकळतं. बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. डोंगरावर घालणार तेच मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा राहते का पाहा. दुकानात रॅम्प नसेल तर पायरीवर टाच टेकवून, बोटं खाली करून उभं राहा. बोटं टेकली तर एक माप वाढवा.

आहेत त्याच बुटांचा उपाय लेसमध्ये आहे. सगळ्यात वरच्या दोन छिद्रांत दोन्ही बाजूंना लेसचा छोटा फासा ठेवा, उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं उजव्यातून ओवून खाली खेचा. टाच मागे बसते, पाय पुढे सरकत नाही. चढताना ही गाठ सैल ठेवा, उतरणीला लागण्याआधी बसून घट्ट करा. नखं दोन दिवस आधी, सरळ रेषेत कापा.

दुसऱ्या दिवशीचं मांडीचं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं, त्याला घाबरू नका. गुडघा सुजला, अडकला किंवा सांध्याच्या आत कळ आली तर डॉक्टर. उतरताना पावलं लहान टाका, वाट रुंद असेल तिथे नागमोडी चाला आणि काठी घ्या. काठी टेकल्यावर कोपर काटकोनात आलं पाहिजे; उतरणीला ती चार बोटं लांब चालते.

प्रश्न : सासूबाई विचारतात, "काय ठिवलंय त्या डोंगरावर?" सहा चढ झाले, पण मलाही उत्तर देता येत नाही. लोक म्हणतात आत्मविश्वास वाढतो, आयुष्य बदलतं. माझं तर काही बदललं नाही.
(एक वाचक, परभणी)

सहा चढांत आयुष्य बदलत नाही, बदललं म्हणणाऱ्यांवर फार विश्वास ठेवू नका. एक वही करा, चार रकाने : निघाल्याची वेळ, माथ्याची वेळ, परतल्यावर उरलेलं पाणी, कुठे दुखलं. बाराव्या चढानंतर पहिलं पान काढा. पहिल्या वेळी तीन लिटर नेऊन दोन परत आणलेलं दिसेल, किंवा सुरुवातीलाच धावत सुटून निम्म्यात बसलेलं. आपला अंदाज किती चुकतो आणि कुठल्या बाजूने चुकतो, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच कळतं. घरखर्चात, मुलांच्या अभ्यासात आपण चुकतोच, पण तिथे वेळ लिहिलेली नसते.

सासूबाईंना एकदा देवगिरीच्या पायथ्यापर्यंत न्या. किंवा माहूरला, तिथे डोंगरावर काय ठेवलंय ते त्यांना आधीच ठाऊक असेल.

प्रश्न : खायला-प्यायला काय न्यावं?
(एक वाचक, धाराशिव)

धपाटे. दोन दिवस टिकतात, गार खाता येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, चार खजूर. दर तासाला थोडं खा, भूक लागायची वाट बघू नका. पाणी थंडीत तासाला अर्धा लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात पाऊण ते एक. माथ्यावर गार असेल हा भ्रम आहे : हजार मीटरला साडेसहा अंश उतरतो, म्हणजे तीनशे मीटरच्या किल्ल्यावर जेमतेम दोन. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून एक बाटली वेगळी ठेवा. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकू नका. डोकं दुखू लागलं, मळमळलं, उगाच चिडचिड झाली तर सावलीत बसा. बोलणं असंबद्ध झालं तर अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

प्रश्न : दिवाळीनंतर गवताची कुसळं मोज्यांत घुसतात, चालणं मुश्कील होतं. उपाय?
(एक वाचक, सिल्लोड)

लोकरी आणि सुती मोजे कुसळं धरून ठेवतात. वरून जुन्या, गुळगुळीत नायलॉनच्या पँटचे पाय कापून नळीसारखे चढवा, खाली बुटाच्या लेसला आणि वर गुडघ्याखाली इलॅस्टिकने बांधा. तरी घुसलंच तर मोजा उलटा करून कुसळ टोकाच्या दिशेने, आतून ओढा. त्याला मागे वळलेले केस असतात, बाहेरून ओढलं तर तुटून टोक आत राहतं. आणि मोजे इतर कपड्यांबरोबर धुवायला टाकू नका, नाहीतर आठवडाभर घरातले सगळे खाजवत बसतील.