विशेष निवडणूक की पोटनिवडणूक?

एका अनुवादकाचा प्रश्न आहे : १७९० साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहाच्या (कनिष्ठ सभागृहाच्या) रिकाम्या जागेसाठी 'स्पेशल इलेक्शन' झाले, त्याला मराठीत 'विशेष निवडणूक' म्हणावे का?

सरळ पोटनिवडणूक म्हणा. पोटकलम, पोटभाडेकरू, पोटहिस्सा यांतला 'पोट' म्हणजे मोठ्याच्या आतले, त्याच्याच हद्दीत राहणारे. सातबाऱ्यावर पोटहिस्से पडले म्हणून मूळ जमिनीचे क्षेत्र वाढत नाही, तशी पोटनिवडणुकीने मुदत वाढत नाही.

व्हर्जिनियाचेच पाहा. थिओडोरिक ब्लँड १ जून १७९० रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. पहिल्या काँग्रेसचे अधिवेशन तेव्हा तिथेच भरले होते. पदावर असताना निधन झालेले ते प्रतिनिधीगृहाचे पहिले सदस्य. राज्यघटनेने या सभागृहासाठी नेमणुकीची सोय ठेवलेलीच नाही. राज्याच्या गव्हर्नरने निवडणुकीचा हुकूम काढायचा आणि जागा मतदारांनी भरायची. निवडून आले विल्यम ब्रँच जाइल्स, विशीतले वकील. डिसेंबरात ते सभागृहात दाखल झाले तोवर काँग्रेसचा मुक्काम फिलाडेल्फियाला हलला होता आणि हाती जेमतेम तीन महिने उरले होते, कारण ३ मार्च १७९१ ला मुदतच संपत होती. ब्लँड यांच्या दोन वर्षांतले उरलेसुरले, एवढाच त्यांचा वाटा. यात 'विशेष' ते काय?

अर्थात अमेरिकेत नेहमीच्या वेळापत्रकाबाहेरचे कुठलेही मतदान 'स्पेशल' असते. नोव्हेंबर २००५ मध्ये कॅलिफोर्नियात राज्यभर जे झाले ते प्रस्तावांवरचे मतदान होते. तिथे 'पोट' लावून चालणार नाही, 'विशेष' ठीक. ('उपनिवडणूक' हा हिंदी 'उपचुनाव'चा अवतार मला तरी नको वाटतो.)

सिनेटबाबत, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाबाबत, मात्र जपून लिहा. १७९० च्याच मार्चमध्ये व्हर्जिनियाचे सिनेटर विल्यम ग्रेसन वारले. गव्हर्नरने त्यांच्या जागी जॉन वॉकर यांना तात्पुरते नेमले आणि नोव्हेंबरात राज्याच्या विधिमंडळाने जेम्स मन्रो यांना निवडले, तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले. आपल्याकडे राज्यसभेची जागा मध्येच रिकामी झाली की आमदार मत देतात आणि वर्तमानपत्रे बिनदिक्कत 'पोटनिवडणूक' छापतात. मन्रोंच्या निवडीला तोच शब्द चालेल. वॉकर यांच्यापुढे 'नियुक्त' लिहा, 'निर्वाचित' नको. त्यांना कोणी मत दिलेच नव्हते.