वाचकांचे प्रश्न : खोगिरावरील नक्षी आधी की बांधणी आधी?

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. कमरेच्या पट्ट्यांवर शेरिडन पद्धतीची फुले कोरण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे आणि आता पहिले वेस्टर्न खोगीर करायला घेतले आहे. खोगिराच्या पुढच्या उंचवट्याचे, म्हणजे स्वेलचे चामडे मी आधी सपाट दगडावर कोरले. मग ते भिजवून सांगाड्यावर ताणले, तेव्हा फुले पसरट झाली. दोन फेंडरपैकी, म्हणजे स्वाराचा पाय आणि घोडा यांच्यामध्ये येणाऱ्या चामड्याच्या रुंद पट्ट्यांपैकी, उजवा कोरल्यावर डाव्यापेक्षा लांब भरला, शिवाय ठशांना गडद रंगही आला नाही. दोष चामड्याचा असेल, तर कोल्हापुरी चपलेचे चामडे मागवावे का?
— एक वाचक

उत्तर : दोष चामड्याचा दिसत नाही, कामाचा क्रम उलटा झाला आहे. पट्टा सपाट कोरला जातो आणि सपाटच राहतो, त्यामुळे तिथे आधी नक्षी केली तरी बिघडत नाही. खोगिरात मात्र आतला सांगाडा, म्हणजे कच्च्या कातड्याने मढवलेला लाकडी ट्री, वरच्या चामड्याला वळण लावतो. शेरिडन, वायोमिंग येथील डॉन किंग यांच्या नावाशी जोडलेली ही शैली तर देठांच्या गुंफलेल्या वर्तुळांवरच उभी असते. ताणाने वर्तुळ लंबगोल झाले की ते लगेच खटकते. म्हणून स्वेलचे चामडे कोरे असतानाच भिजवून हॉर्नभोवती, म्हणजे स्वेलवरच्या खुंटाभोवती ओढावे, हाडाच्या घोटणीने सुरकुत्या मोडाव्यात, ट्रीवरच वाळू द्यावे आणि नक्षीची आखणी त्या वळणावर करावी. अनेक कारागीर हा भाग ट्रीवर ठेवूनच कोरतात. बैठकीचे चामडेही आधी बसवून, वाळवून, उतरवून मग कोरावे व परत चढवताना पाणी बेताचेच लावावे.

फेंडर सपाटच कोरायचा असला, तरी मोगरीच्या प्रत्येक घावाने चामडे दबून बाजूला सरकते, आणि जनावराच्या पोटाकडचा भाग पाठीकडच्या भागापेक्षा अधिक वाढतो. शक्य असल्यास दोन्ही फेंडर एकाच जनावराच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून, सारख्याच जागेतून घ्यावेत. कडेने थोडे जादा चामडे ठेवावे, चामडे ताणू नये म्हणून मागून रबर सिमेंटने जुनी एक्स-रे फिल्म चिकटवावी आणि कोरून वाळल्यावर दोन्ही एकाच साच्याने अंतिम मापाला कापावेत.

रंग न येण्याचे कारण बहुधा जादा पाणी हे आहे, आणि लांबी वाढण्यातही त्याचा हात असतो. खोगिराचे चामडे साधारण 13 ते 15 औंसांचे, म्हणजे 5 ते 6 मिलिमीटर जाड असते. पट्ट्याच्या चामड्याच्या अंदाजाने ते हाताळले, तर वरून कोरडे वाटते आणि आत गच्च ओले राहते. भिजवल्यावर ते रात्रभर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे. सकाळी उघडल्यावर मूळचा फिका रंग जवळजवळ परतला, पण गालाला लावून गारवा जाणवला, की स्विव्हल नाइफ, म्हणजे नक्षीच्या चिरा घेण्याची सुरी, हाती घ्यावा. अशा वेळी बेव्हलरच्या, म्हणजे चिरेलगतचे चामडे उतरते दाबणाऱ्या हत्याराच्या ठशाखाली तपकिरी झाक आपोआप उमटते. चीर जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नेऊ नये, आणि स्वाराचा भार पेलणाऱ्या रिकिबीच्या पट्ट्याला तर सुरी लावूच नये.

कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, त्यामुळे ते ठसे घेऊ शकते. हौस म्हणून त्याचा एखादा पट्टा अवश्य करून पाहावा. पहिल्या खोगिरासाठी मात्र मोठे, एकसारख्या जाडीचे तुकडे लागतात, आणि ते सेंट लुइसच्या हरमन ओकसारख्या 1881 पासूनच्या टॅनरीकडून आपल्याला अमेरिकेतच मिळतील.

स्वेलचा कोरलेला तुकडा बाजूला ठेवून नवा घ्यावा. उजव्या फेंडरची किनार राखून तो डाव्याच्या मापाला छाटता येत असेल, तर तसे करावे. ते जमणार नसेल, तर एकच बदलू नये, कारण दुसऱ्या चामड्याचा रंग वापरात वेगळा उतरतो. दोन्ही नव्याने कापावेत.