चळवळीला सीए लागतो

पत्र: माझी मुलगी २२ वर्षांची आहे. बी.कॉम. झालं, सीए इंटरचे दोन्ही ग्रुप एका झटक्यात सुटले, नौपाड्यातल्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिपचे आठ महिने राहिलेत. शनिवार-रविवार ती तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांना मदत करणाऱ्या एका गटात जाते. गेल्या महिन्यात कलेक्टर ऑफिससमोर त्यांचं धरणं होतं. आदल्या संध्याकाळी पोलीस घरी येऊन तिच्या नावाची नोटीस देऊन गेले. अख्ख्या सोसायटीनं पाहिलं. आता ती म्हणते, सीए सोडते, लॉ करते आणि जन्मभर मानवी हक्कांचंच काम करते. याला करिअर म्हणतात का? तिचं पोलीस रेकॉर्ड झालं का? तिला थांबवू कसं? हिनं तर लेकीशी बोलणंच टाकलंय. – एक वडील, कळवा

सप्रेम नमस्कार.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते.

नोटिशीचा फोटो जोडलात ते बरं केलंत. वर कलम १६८ लिहिलंय, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १४९ होतं, आणि कार्यकर्त्यांच्या तोंडी अजूनही ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ असंच आहे. अर्थ एवढाच, की दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलीस आधीच बजावून ठेवतायत. हा एफआयआर नाही, आरोपपत्र नाही, खटला तर नाहीच. पासपोर्टचं घोडं अडतं ते फौजदारी कोर्टात प्रकरण प्रलंबित असलं तर. तुमच्या लेकीवर तसं काही नाही.

पण इथंच निर्धास्त होऊ नका. ठाण्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, पंधरा-पंधरा दिवसांचे. तो लागू असताना परवानगीशिवाय पाच किंवा जास्त माणसं जमली, तर गुन्हा दाखल होऊ शकतो. तो कोर्टात गेला की मग पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी, तारखा, वकिलाची फी, सगळं मागं लागतं. तेव्हा तिला एवढंच सांगा, की कुठंही जाण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचार: परवानगीचं पत्र हातात आहे का, आणि आज मनाई आदेश चालू आहे का. ज्या आयोजकांना याची उत्तरं माहीत नसतात, त्यांच्या धरण्याला मी माझ्या मुलालाही पाठवणार नाही.

आता लेकीबद्दल. पत्र आल्यावर मी तुम्हाला फोन करून म्हटलं होतं, तिला एकटीला पाठवा. ती शनिवारी आली, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात छत्री. राम मारुती रोडवरच्या माझ्या ऑफिसात आईवडिलांशी भांडून आलेली मुलं पहिली दहा मिनिटं भाषण देतात. एकोणीस वर्षांत मला ती भाषणं पाठ झालीत. हिनं भाषण दिलं नाही. लॅपटॉप उघडला आणि एक एक्सेल शीट माझ्यापुढे सरकवली.

त्यात रकाने होते: अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, तिचा एक तृतीयांश, आजवर आत काढलेले दिवस, जामीन मंजूर आहे का, जामीनदार आहे का. प्रत्येक ओळ म्हणजे एक माणूस. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बाँडवर सोडायचं असतं. कोर्टाकडे तसा अर्ज करणं हे तुरुंग अधीक्षकांचं काम. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तरीही नाही. तिनं त्यासाठी वेगळा रकाना केला होता, आणि त्या ओळी करड्या रंगात. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. साधी चोरी, कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे एक तृतीयांश एक वर्ष. माणूस चौदा महिने आत. “मॅडम, हे कुणी मोजलंच नव्हतं,” ती म्हणाली. “वकील बदलले, फाइल फिरत राहिली.”

आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांमागे जवळजवळ तीन जण असे कच्चे कैदी आहेत. गुन्हा शाबीत न झालेले. त्यांच्यासाठी पुष्कळ लोक पोटतिडकीनं बोलतात. रकाने आखून दिवस मोजणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आणि ते मोजायला ती कुठं शिकली? ज्या आर्टिकलशिपला ती ‘वाया गेलेली वर्षं’ म्हणते, तिथंच.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. तिनं हे काम जरूर करावं. आणि सीए अजिबात सोडू नये. तुम्हाला खूश करायला हे लिहीत नाही. तिलाही हेच सांगितलं, तेव्हा तिनं माझ्याकडे ‘तुम्हीसुद्धा?’ असं पाहिलं. मग मी तिला बेलारूसची गोष्ट सांगितली.

तिथले अॅलेस बिआलियात्स्की नावाचे गृहस्थ आहेत. १९९६ मध्ये त्यांनी ‘व्यास्ना’ ही संस्था काढली, राजकीय कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करायला. २००३ मध्ये तिथल्या कोर्टानं संस्थेची नोंदणीच रद्द केली. नोंदणी नाही म्हटल्यावर संस्थेच्या नावानं बँकेत खातं नाही. पैसे तर लागणारच, म्हणून त्यांनी शेजारच्या लिथुआनिया आणि पोलंडमध्ये स्वतःच्या नावे खाती ठेवली. त्या देशांनी कायदेशीर मदतीच्या करारानुसार खात्यांची माहिती बेलारूसला देऊन टाकली, आणि २०११ मध्ये या माणसाला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. कशासाठी? कर चुकवल्याबद्दल! २०२२ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हा ते पुन्हा आत होते, आणि मार्च २०२३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. या खेपेला आरोप होता रोख रकमेची तस्करी आणि सार्वजनिक शांतता बिघडवायला पैसा पुरवल्याचा.

बघा, सरकारला नको असलेल्या माणसावर ‘तू बोललास’ असा आरोप फारसा कुणी ठेवत नाही, तो जगापुढे वाईट दिसतो. वहीतला आकडा धरायचा, तो सोपा पडतो.

आपण बेलारूस नाही. आपलं सरकार किती मोकळं, किती आवळणारं, यावर तुमच्या घरात दोन मतं असतील, माझ्या घरात तीन आहेत. पण वहीची गोष्ट इथंही तीच. सप्टेंबर २०२० मध्ये अॅम्नेस्टी इंडिया या मानवी हक्कांच्या संस्थेनं बँक खाती गोठवली गेल्यामुळे देशातलं काम थांबवलं. परकीय निधीचे नियम मोडले असं सरकारचं म्हणणं, आणि हे सूडापोटी केलं असं संस्थेचं. त्याच महिन्यात परकीय योगदान कायद्यात दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली, परदेशातला पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा असं ठरलं, आणि एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला तो देणं बंद झालं. खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या लहान संस्था मोठ्या संस्थांच्या आधारानं जगत होत्या, त्यांचा श्वास इथंच कोंडला.

आणि परदेशी पैशाला हातही न लावणाऱ्या संस्थांचं काय? विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. मी दोन लहान ट्रस्टवर आहे, म्हणून अनुभवानं सांगते. एका ठिकाणी सहा वर्षांचे चेंज रिपोर्ट दिलेच नव्हते. कागदोपत्री विश्वस्त असलेल्यांपैकी एक गृहस्थ स्वर्गवासी होते आणि त्यांच्या सहीची चेकबुकं कपाटात. भाषणं मात्र आमच्याकडे उत्तम व्हायची! उद्या कुणी तक्रार केली असती तर आमच्या बोलण्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, चेकबुकानंच आम्ही अडकलो असतो. अशा संस्था ठाणे-नवी मुंबईत ढीगभर आहेत. त्यांचं ऑडिट करायला, व्हाउचर नीट लावायला, नोंदणीची मुदत संपण्याआधी जागं करायला त्यांना परवडेल असा सीए सापडत नाही. तुमची लेक तो सीए होऊ शकते.

कायद्याचं म्हणाल, तर तो नंतर शिकता येतो. पदवी आहेच, सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. आर्टिकलशिप चालू असताना दुसरा कोर्स करायचा तर इन्स्टिट्यूटची परवानगी लागते, म्हणून घाई नको. पुढे सीएची प्रॅक्टिस आणि वकिली दोन्ही एकदम चालवता येणार नाहीत, तेव्हा एक निवडावं लागेल हेही तिच्या कानावर घातलंय. वकिलीच निवडली, तर विधी सेवा प्राधिकरणाची ‘लीगल एड डिफेन्स काउन्सेल’ ही योजना आहे. तिच्यात गरीब आरोपींची बाजू मांडायला जिल्हा पातळीवर मानधनावर वकील नेमतात. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कोठडीतल्या माणसांबरोबर काम करतोय, तिथले समाजकार्यकर्ते कसे घडतात ते तिनं जाऊन पाहावं. मानवी हक्कांचे सहा-सहा महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्स निघालेत, त्यांत पैसे घालू नका. भिंतीला शोभतात.

पैसा? कमी. फर्ममध्ये तिच्या बॅचची मुलं जे कमावतील, त्याच्या निम्म्यावर तिला पहिली काही वर्षं काढावी लागतील, असं धरून चाला. म्हणूनच म्हणते, आठवड्याचे तीन दिवस धंद्याचं ऑडिट आणि दोन दिवस हे, अशी घडी बसली तर ती टिकेल. स्वतःचं पोट भरलेलं असलं की देणगीदारासमोर वाकावं लागत नाही.

धोका नाही असं मी म्हणणार नाही, तुम्हाला खोटा दिलासा देऊन काय मिळवू? तळोजा तुरुंग तुमच्या घरापासून लांब नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथं असलेल्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींचे, आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या धर्मगुरूंचे, हात कंपवातानं थरथरायचे, पेला धरवत नव्हता. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावं म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. पुढच्या जुलैत, कोठडीत असतानाच, ते इस्पितळात वारले. खटला सुरूही झाला नव्हता. हे तुमच्या लेकीला माहीत आहे. तिनंच मला तारखा दुरुस्त करून सांगितल्या.

आणि दुसरी बाजूही तुमच्याच जिल्ह्यातली. २०१२ मध्ये पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. मुंबई बंदबद्दल फेसबुकवर एका मुलीनं चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, दोघींना अटक झाली. ते वाचून श्रेया सिंघल या दिल्लीच्या विशीतल्या मुलीनं थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन लिखाणासाठी अटक करू देणारं, कलम ६६अ रद्द झालं. अडीच वर्षांत निकाल, म्हणजे या क्षेत्रात लॉटरीच म्हणायची. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी कोर्टात दादच मागता येणार नाही. पाचांपैकी एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी विरोधी निकाल लिहिला. त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तो निकाल चुकीचा होता हे त्याच न्यायालयानं म्हटलं २०१७ मध्ये. एकेचाळीस वर्षं! तुमच्या कंपनीत इन्क्रिमेंट दोन वर्षं रखडलं तर युनियन गेटवर येते. इथं एवढी वाट पाहायची तयारी लागते, आणि ती तिच्यात आहे की नाही हे मी एका शनिवारात सांगू शकत नाही.

तिला थांबवू कसं, हा तिसरा प्रश्न. नाही थांबवता येणार. तिचं वय २२ आहे, आणि तिच्याकडे ती शीट आहे. तुम्हाला करता येण्यासारखं एक आहे. सुट्टीच्या एखाद्या दिवशी, तुमच्या सुट्टीच्या, कोर्टाच्या नव्हे, कोर्ट नाक्याला जा आणि रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर तासभर बसा. तिच्याबरोबर नको, एकटेच. बाहेर व्हरांड्यात जामीनदार शोधत फिरणाऱ्या बायका दिसतील. मग घरी येऊन वहिनींना काय पाहिलं ते सांगा. मतं सांगू नका, नुसतं पाहिलेलं. वहिनींचा अबोला पोरीवर नाही, सोसायटीच्या डोळ्यांवर आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर कळवा.

लेकीशी माझं ठरलंय ते असं: आठ महिने आर्टिकलशिप पुरी, फायनलचा पहिला प्रयत्न मनापासून, शनिवार-रविवारचं काम चालू, परीक्षेआधीचे चार महिने ते एका रविवारवर. ती नाखुशीनं हो म्हणाली. निघताना तिनं माझ्या ट्रस्टचे जुने चेंज रिपोर्ट बघायला मागितले. मी दिले नाहीत, लाज वाटली. पुढच्या वेळी देईन.

आणि हो, ती म्हणत होती की नोटीस तुम्ही कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवलीय. ती बाहेर काढा. दोन झेरॉक्स काढा, मागं मिळाल्याची तारीख-वेळ आणि घेऊन आलेल्या अंमलदाराचा बक्कल नंबर आठवत असेल तर लिहा, आणि लाइट बिलं ठेवता त्या फाइलमध्ये लावून टाका.