एका सालावरून धंदा जोखू नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे वाहनांचे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, तुला ब्रेक देऊन कामावरून कमी केले आणि तू लगेच हॉटेल व्यवस्थापनाला प्रवेश घ्यायचे ठरवलेस. कारण काय, तर फौंड्रीत मंदी येते आणि हॉटेलांना मरण नसते. बाळ, कोणत्याही धंद्यातली बेकारी एका सालावरून जोखू नये, हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

अमेरिकेत बेकार माणसाचे शेवटचे काम ज्या धंद्यातले असेल, त्याच धंद्याच्या खात्यावर त्याला मांडून दरमहा आकडे काढतात. घरबांधणीचा फुगा फुटल्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये तिथल्या बांधकामातली बेकारी २७.१ टक्क्यांवर गेली होती. तेव्हा कोणी घाबरून हॉटेल धरले असते, तर एप्रिल २०२० मध्ये तो ३९.३ टक्के बेकारी असलेल्या हॉटेल-करमणूक क्षेत्रात सापडला असता. एका सालावरून जोखले की असे होते.

आपल्याकडे आकडा आणखी फसवा. २०१९ साली वाहनउद्योग मंदावला तेव्हा आमच्या आवारातल्या मोल्डिंग बॉक्सच्या, म्हणजे ओतकामाच्या साच्यांच्या चौकटींच्या, थप्प्यांवर धूळ साचली होती आणि ठेकेदाराकडचा एक उत्तम मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, पन्हाळ्याकडच्या आपल्या गावी उसात भांगलण करत होता. पाहणीवाले दारात आले असते, तर तो बेकार नव्हे, शेतीत कामाला असलेला ठरला असता. सरकारी पाहणीनुसार एकूण रोजगारातला शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०१९-२० मध्ये ४५.६ टक्के झाला. ही काय शेतीची बरकत होती? साखर कारखान्याच्या बाबतीत तर सालही पुरत नाही, गळीत हंगाम चालू आहे की संपला, तेही विचारावे लागते.

मी फौंड्री सोडली नाही, याला घरचे अजून हट्ट म्हणतात. म्हणोत. एका मालकाने कायम करण्याचा शब्द देऊन तो पाळला नाही, याची सल आहेच. पण तो त्या माणसाचा दोष होता, धंद्याचा नव्हे, आणि कास्टिंगच्या ऑर्डरी परतल्या तेव्हा हातात कसब असलेल्यांनाच आधी बोलावणे आले.

हॉटेलात मन रमत असेल तर खुशाल जा, मी आडवा येणार नाही. मात्र फी भरण्याआधी अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडवरच्या लॉजवाल्यांकडे जाऊन नवरात्रात किती पोरे कामाला असतात, नवरात्र सरल्यावर किती उरतात आणि २०२० च्या उन्हाळ्यात किती होती, हे विचार आणि मला लिहून पाठव.